मनात काही न ठेवणारे साहेब

आमच्या साहेबांच्या मनात काही राहत नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि तेही माणसाला उभा-आडवा सोलून झाल्यावर. आधी टेबलावर हात आपटून होतो, समोरच्याच्या अकलेचा, शिक्षणाचा आणि तो ज्या जिल्ह्यातून आला त्या अख्ख्या जिल्ह्याचा उद्धार होतो. मग साहेब घोटभर पाणी पितात, चष्मा डोक्यावर सरकवतात आणि अगदी मायेने म्हणतात, "देख भाई, मैं मुँह पे बोल देता हूँ. मेरे दिल में कुछ नहीं रहता."

हे शंभर टक्के खरं आहे. त्यांच्या दिलात काहीच राहत नाही. सगळं आमच्याकडे राहायला येतं.

कारखाना गाझियाबादेत, साहिबाबादच्या साइट फोरमध्ये. एकाला एक लागून शेडी, मधल्या रस्त्यात खड्डे चुकवत जाणारे टेंपो आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर छोले-कुलचेवाले. आमच्याकडे पॉवर प्रेस आहेत. पत्र्याची कॉइल एका अंगाने आत जाते आणि दुसऱ्या अंगाने ब्रॅकेट, वॉशर, क्लिपा खणखणत क्रेटमध्ये पडतात. मी तिथे क्वालिटी बघतो. मूळचा पलूसचा, पण साहेबांच्या लेखी महाराष्ट्रात एकच गाव आहे. त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझं नाव 'बंबई'. "ऐ बंबई, जरा इधर आ!" अशी हाक आली की शेजारच्या टेबलावरची माणसं माझ्याकडे बघतात ती निरोप द्यायला फलाटावर आल्यासारखी.

साहेब दिसायला काही भयंकर नाहीत. उंची बेताची, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. टेबलाखाली बूट काढून रबरी स्लिपर घालून बसतात. उजव्या हातात पोवळं आणि पुष्कराज. पोवळं म्हणे राग शमावा म्हणून हापुडच्या कुठल्या पंडितजींनी दिलंय. राग शमल्याचं दिसत नाही, पण टेबलाच्या काचेवर पोवळ्याची मूठ पडल्यावर जो आवाज होतो तो साध्या मुठीला येणार नाही. काच दोनदा बदलून झाली आहे.

खरं शस्त्र मात्र एसीचा रिमोट. ऑफिसला एसी एकच, मोठा. डक्टमधून सगळीकडे हवा जाते आणि रिमोट साहेबांच्या खणात असतो. डोकं तापलं की ते रिमोट काढून तापमान १६ वर आणतात. त्यांचं डोकं दहा मिनिटांत निवतं आणि रिमोट विसरून ते शेडमध्ये जातात. आम्ही मात्र संध्याकाळपर्यंत निवतच राहतो. मे महिन्यात बाहेर लू वाहत असते, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि आमच्या अकाउंट्समधल्या बाई शाल पांघरून टॅलीत एंट्र्या मारत असतात. नवा माणूस रुजू झाला की त्याला ओळखपत्र महिन्याने मिळतं, पण शाल आणायला पहिल्याच दिवशी सांगतात.

सकाळी साहेबांचा अंदाज घेण्याचं काम गेटवरच्या गार्डकडे आहे. गार्ड एटा जिल्ह्यातला, फौजेतून निवृत्त. शत्रूच्या हालचाली टिपायची सवय जुनी आहे. गेटच्या आत हनुमानाची छोटी घुमटी आहे. साहेब गाडीतून उतरल्यावर चालता चालता हात जोडून गेले तर सगळं ठीक. थांबून डोळे मिटले तर कसली तरी नोटीस आलेली आहे. बूट काढून उभे राहिले तर बँकेचा फोन. गार्ड यावरून एक आकडा ठरवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो. नुसता आकडा, पुढे-मागे काही नाही. त्या ग्रुपमध्ये साहेब सोडून सगळे आहेत.

ही आकड्याची रीत गाझियाबादेतच सुचू शकते. इथे दिवाळीच्या सुमाराला कुणी ऊन-पाऊस विचारत नाही, हवेचा आकडा विचारतात. २०१४ मध्ये सरकारने हवेचा निर्देशांक सुरू केला. २०० च्या वर 'खराब', ३०० च्या वर 'अति खराब', ४०० च्या वर 'गंभीर', आणि ५०० ला मोजपट्टीच संपते. पुढे २०१७ मध्ये ग्रॅप नावाची चढती नियमावली आली. आकडा जसा चढेल तशी एकेक बंधनं लागू: आधी धुळीवर पाणी मारा, मग जनरेटर आवरा, मग बांधकामं बंद, शेवटच्या टप्प्यात बाहेरच्या ट्रकना दिल्लीची वेस बंद आणि शाळा घरून. वसुंधरात राहायला आल्यापासून माझी बायकोसुद्धा सकाळी खिडकी उघडायच्या आधी फोन उघडते.

तर आमच्या कारखान्यात हीच नियमावली साहेबांना लावलेली आहे, आणि सरकारपेक्षा आमची अंमलबजावणी कडक आहे. पहिल्या टप्प्यात रजेचे अर्ज बंद. दुसऱ्यात अ‍ॅडव्हान्स मागायचा नाही, हसायचं नाही, डबा खाताना झाकण वाजवायचं नाही. तिसरा टप्पा लागला की बांधकाम बंद, म्हणजे नव्या मशीनचा, नव्या माणसाचा, नव्या कसल्याही गोष्टीचा विषय काढायचा नाही. आणि गार्डने साडेचारशेच्या वरचा आकडा टाकला की पर्चेसवाला लोहामंडीत जातो, डिस्पॅचवाला ट्रान्सपोर्टरकडे जातो, प्लँट हेडला अचानक नोएडाच्या ग्राहकाची आठवण येते. ऑफिसात उरतात शालवाल्या बाई आणि मी. माझं नाव साहेबांना चटकन आठवतं, हे त्यामागचं कारण असावं.

वड्याचं तेल वांग्यावर, ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा प्रेस शॉपमध्ये नोकरी केली असावी. साहेब प्लँट हेडला झापतात. तो जिना उतरून शिफ्ट इन्चार्जला झापतो, तेच शब्द, तोच क्रम, फक्त पोवळं नसल्याने मूठ कॉइलवर आपटतो. इन्चार्ज मेरठचा आहे, तो सेटरकडे जातो आणि त्यात मेरठची भर घालतो. सेटर ऑपरेटरवर. ऑपरेटर बलियाचा किंवा मोतिहारीचा, ठेकेदाराचा माणूस. त्याच्या खाली कुणी नसतं. त्याच्या पुढ्यात फक्त मशीन असतं.

इथे माझा विनोद थोडा अडखळतो. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. हात बटणांवर असले की डायखाली जात नाहीत, एवढंच त्यातलं तत्त्व. पण वरून आरडाओरडा सुरू झाला, 'आज माल निघालाच पाहिजे' झालं, की एक बटण चिंधीने बांधून टाकायची पद्धत या धंद्यात ठिकठिकाणी आहे. एका हाताने माल सरकवायचा, दुसऱ्याने दाबायचं. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून मानेसर-फरिदाबादकडच्या वाहनउद्योगातल्या अशा अपघातांचे अहवाल काढते. त्यात पानोपानी हाताची बोटं आहेत आणि बहुतेक ठिकाणी मशीन म्हणून पॉवर प्रेस आहे. केबिनमध्ये निघालेला सूर कुठवर जाऊन पोचतो, ते त्या अहवालांत बघावं. मी आमच्याकडच्या चिंध्या दिसतील तशा कापतो. साहेब चिडलेले असले की त्या जास्त सापडतात.

बरं, साहेब नुसते रागीट असते तर आम्ही कधीच सरावलो असतो. ते अधूनमधून प्रसन्नही होतात, आणि तो प्रकार जास्त महागात पडतो. एखादं अडकलेलं पेमेंट आलं की जिलेबीचं खोकं येतं. सगळ्यांना केबिनमध्ये बोलावणं जातं. "तुम लोग मेरी फॅमिली हो," असं म्हणून साहेब डोळे पुसतात. खरे डोळे, खरं पाणी. त्या भरात कुणाला इन्क्रिमेंट, कुणाच्या पोराला नोकरी, सगळ्या स्टाफला वैष्णोदेवीची सहल. ग्राहकाचा फोन आला तर त्यालाही पंधरा दिवसांचा माल पाच दिवसांत. अकाउंटंट या वेळी बाथरूममध्ये जाऊन बसतो, कारण साहेब प्रसन्न असताना समोर सापडला तर आकडे लिहून घ्यावे लागतात आणि दोन दिवसांनी तेच आकडे पुढ्यात ठेवून विचारतात, "यह किस गधे ने लिखा?"

मीही एकदा या प्रसन्नतेत हात घालून पाहिला. जिलेबी चालली होती, साहेब मुलुखाची चौकशी करत होते. मी त्यांना किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली. आमच्या पलूसपासून हाकेच्या अंतरावर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर कारखाना मांडला आणि रात्रीचे रखवालदार म्हणून शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर नेमले. साहेबांचा घास हातात राहिला. "डाकू? चौकीदार?" म्हणाले. मग उठून येरझाऱ्या घालायला लागले. "विश्वास! यही तो मैं कहता हूँ. विश्वास!" तिथल्या तिथे स्टोअरचं कुलूप काढायचा हुकूम सुटला. बोटाच्या ठशांचं हजेरीचं यंत्र उद्यापासून बंद. गार्डला बोलावून विचारलं, तुझ्या ओळखीत कुणी डाकू आहे का. एटा जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारावा का, हे तुम्हीच ठरवा. तो बिचारा दिवसभर कुणाशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी जीएसटीचं काही पत्र आलं. संध्याकाळपर्यंत स्टोअरला दोन कुलपं लागली होती आणि एक कॅमेरा वाढला होता. तो माझ्या टेबलावर रोखलेला आहे.

या माणसाला पत्राची एवढी धास्ती का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. पोस्टाने खाकी पाकीट आलं की ते फोडायच्या आधीच साहेबांचा आवाज चढतो. जुन्या फिटरने मला एकदा सगळं सांगितलं. साहेबांच्या वडिलांचं वर्कशॉप यमुनेपलीकडे शाहदऱ्याच्या गल्लीत होतं. १९९६ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले १६८ धोकादायक कारखाने नोव्हेंबरअखेर बंद करायला सांगितले. यांचं दुकान त्या यादीत नव्हतं, पण पुढे वस्तीतल्या लहान कारखान्यांवरही टाच आली आणि २००० च्या नोव्हेंबरात त्यावरून दिल्लीत दगडफेक-गोळीबारापर्यंत मजल गेली. त्या दिवसांत गल्लीत कुणाच्या तरी हातात रोज एक नोटीस असायची. एका रात्री बापलेकांनी तीन प्रेस ट्रकवर चढवले आणि दिल्लीची हद्द ओलांडून इकडे आणले. कॉइल तशीच मागे राहिली. वडिलांनी नंतर काही फार काळ काढला नाही. फिटर म्हणाला, "बाबूजी भी चिल्लाते थे, पर बाबूजी डर के नहीं चिल्लाते थे."

हे ऐकल्यावर साहेबांबद्दल माझं मत बदललं. एसीबद्दल बदललं नाही.

मधे आमच्याकडे एचआर आलं. म्हणजे एमबीए झालेली एक मुलगी आली, इंदिरापुरमची, उत्साही. पहिल्याच आठवड्यात जेवताना तिने मला सिगल बार्सेड नावाच्या प्राध्यापकबाईंचा प्रयोग सांगितला. २००२ मध्ये त्यांनी तो छापला. बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांना छोट्या गटांत बसवून बोनस वाटपाची लुटुपुटूची बैठक भरवली. प्रत्येक गटात एक शिकवून तयार केलेला नट गुपचूप सोडला. तो कुठे हसतमुख, कुठे शांत, कुठे त्रासिक, कुठे मरगळलेला. बाकीच्यांना पत्ता नाही. आणि तरी त्याची तऱ्हा सगळ्या गटात पसरली. जिथे तो खुशीत होता तिथे भांडणं कमी झाली, माणसं एकमेकांना धरून राहिली.

"मोठा माणूस असेल तर आणखीच पसरतं," ती म्हणाली. "सर को बताना चाहिए."

मी तिला म्हटलं, आमच्याकडे दर दिवाळीला बोनसची बैठक अशीच होते, फक्त नट कोण ते सगळ्यांना माहीत असतं. पण ती ऐकणारी नव्हती. तिने साहेबांना सगळा प्रयोग स्क्रीनवर दाखवला. साहेबांनी मन लावून ऐकलं. ते ऐकतात, तो त्यांचा गुण आहे. शेवटी म्हणाले, "बेटा, आयडिया अच्छा है. अ‍ॅक्टर महीने का कितना लेगा?"

तिने धीर सोडला नाही. सर्वे काढला. 'तुम्हाला वरिष्ठांशी मोकळेपणी बोलता येतं का', 'चूक झाली तर सांगायची भीती वाटते का', असे प्रश्न. कागदावर नाव घालायचं नाही. साहेबांना कल्पना फारच आवडली. माणसं घाबरू नयेत म्हणून त्यांनी सगळ्यांना आपल्या केबिनमध्येच कागद भरायला बसवलं आणि स्वतः पाठीमागे फिरत राहिले, कुणाला पेन दे, कुणाला पाणी दे. निकाल असा लागला की आमच्याइतका निर्भय कारखाना सबंध उत्तर प्रदेशात नसेल. एकाच कागदावर 'हो' आणि 'नाही' दोन्हींवर खुणा होत्या. साहेबांनी दोन दिवस त्या माणसाचा शोध घेतला. "मैं सिर्फ पूछना चाहता हूँ उसको तकलीफ क्या है," असं म्हणत ते शेडभर हिंडत होते. सर्वेचा निकाल आता फ्रेम करून केबिनबाहेर लावला आहे.

ती मुलगी पुढे गुरुग्रामला गेली. जाताना मला एक लेख वाचायला देऊन गेली. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या बाई. १९९६ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत औषधांच्या चुका मोजल्या. वाटलं होतं, चांगल्या गटात चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. मग उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. जिथली मुख्य परिचारिका अंगावर यायची तिथे वही कोरी.

मी वाचलं आणि उठून आमचं रिजेक्शन रजिस्टर काढलं. एका बाजूला रजिस्टर, दुसऱ्या बाजूला फोनमध्ये गार्डचे आकडे. गार्डने शंभर-सव्वाशे टाकलेल्या दिवशी रिजेक्शन नेहमीसारखं: इथे बर आला, म्हणजे कडेला पत्र्याचं कुसळ उठलं, तिथे भोक सरकलं, कुठे पत्र्यावर ओरखडा. चारशेच्या वरच्या दिवशी शून्य. शून्य, शून्य, शून्य, खाली इन्चार्जची वळणदार सही. साहेब जितके चिडलेले तितका आमचा कारखाना निर्दोष माल काढतो.

हे रजिस्टर काय बोलत होतं ते लवकरच कळलं. एका ब्रॅकेटच्या डायची धार गेली होती. कडेला बर यायला लागला, नखाला लागेल इतका. सेटरला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण तो महिना श्रावणाचा, उत्तरेतला, आपल्या आधी पंधरा दिवस लागतो तो. कावडवाल्यांसाठी मेरठ रोड जड वाहनांना बंद, ट्रक अडकलेले, गार्डचे आकडे मोजपट्टीच्या टोकाला. सेटरने इन्चार्जला सांगितलं, इन्चार्ज म्हणाला दोन दिवस थांबू. प्लँट हेडला कळलं, तो म्हणाला साहेब जरा निवू देत. माझ्या टेबलावर नमुने यायचे ते कुणीतरी कानशीने घासून गुळगुळीत करून आणलेले. रस्ता उघडला, माल गेला, आणि आठवड्याने सगळाच्या सगळा ट्रक परत आला.

त्या दिवशी साहेब सोळाच्याही खाली गेले असते, पण रिमोट जात नाही. सगळे केबिनमध्ये रांगेत. ब्रॅकेटच्या कडेवरून बोट फिरवून साहेबांनी रक्ताचा ठिपका दाखवला. "मुझे किसी ने बताया क्यों नहीं?" कुणी जमिनीकडे, कुणी एसीकडे बघत होतं. "मेरा दरवाजा हमेशा खुला रहता है! रहता है कि नहीं?"

"रहता है, सर," प्लँट हेड म्हणाला.

दरवाजा खरंच उघडा असतो. साहेबांनी आपटल्यापासून त्याचा क्लोजर तुटलाय.

पण श्रावणातलंच त्यांचं दुसरं रूप सांगायलाच हवं, नाहीतर अन्याय होईल. कावडयात्रेत साहेब मेरठ रोडच्या कडेला सेवा शिबिर लावतात. मांडव, पुरी-भाजी, सरबत, मलमाचा स्प्रे. तिथे ते अनवाणी असतात. हरिद्वारहून चालत आलेल्या अनोळखी पोरांचे पाय मांडीवर घेऊन फोडांवर मलम लावतात. एका पोराने झोपेत लाथ मारली आणि सरबताचा ग्लास साहेबांच्या शर्टावर सांडला. मी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, "सो जा बेटा, सो जा." ऑफिसमध्ये पाण्याच्या ग्लासाचा ओला गोल टेबलावर उठला म्हणून याच माणसाने चहावाल्या पोराला तासभर उभं केलं होतं. आमचे लोक हुशार आहेत. वर्षभराचे रजेचे अर्ज, पगारवाढीच्या चिठ्ठ्या, लेकीच्या फीचे कागद सगळे जपून ठेवतात आणि शिबिरात घेऊन जातात. साहेब एका हाताने पुरी वाढतात आणि दुसऱ्या हाताने सह्या करतात. कारखान्याची निम्मी प्रशासकीय कामं हायवेच्या कडेला होतात.

सराफ्यात माझा एक गाववाला आहे, खानापूर तालुक्यातला, गलाईवाला. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आमच्याकडची माणसं देशभर पसरलीत. त्याला मी हे सगळं सांगतो. तो मुशीत बघत ऐकतो. एकदा म्हणाला, "पाव्हणं, तुमचा मालक बरा. वराडतोय तरी. आमच्या पहिल्या शेटजीनं कवा आवाज चढीवला न्हाई. नुस्तं हिशेबाची वही मिटून बाजूला सारायचा. तेवढ्यावर पोरं रातभर जागी."

तेव्हा मला त्याचं बोलणं पटलं नाही. मग साहेबांचा मुलगा आला.

मुलगा बाहेर देशात शिकून आलाय. कपाळावर आठी नाही, आवाज एकसारखा, कपातली कॉफी स्वतः आणतो. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांशी हात मिळवला आणि एसी २४ वर ठेवला. माणसांनी शाली काढल्या, घड्या घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी सगळे आजारी दिसायला लागले. कारण मुलाच्या तोंडावर काही उमटतच नाही. माल उशिरा गेला तरी "ठीक है", वेळेवर गेला तरी "ठीक है". प्लँट हेड त्याच्या केबिनमधून बाहेर आला की सगळे विचारतात, काय म्हणाले. "मुस्कुराए," तो म्हणतो, आणि कपाळाचा घाम पुसतो. कसे मुस्कुराए, किती वेळ, दात दिसले का, यावर जेवणाची सुट्टी जाते. गार्डने ग्रुपवर आकडा टाकायचं सोडून दिलं. घुमटीपुढे छोटे साहेब थांबतच नाहीत, तर मोजणार काय? त्याने रात्रपाळी मागून घेतली आहे.

साहेबांनाही ते सोसवेना. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बंबई, यह लडका गुस्सा क्यों नहीं करता? पेट में कुछ है क्या इसके?" मी म्हटलं, शिक्षणामुळे असेल. "मैं भी ट्राय किया घर पे," साहेब म्हणाले. "खाना नहीं पचा."

या सगळ्यात अकाउंटंटच्या मुलीचं लग्न ठरलं. दीड लाखाचा अ‍ॅडव्हान्स हवा होता. त्याने अर्ज लिहिला आणि आठवडाभर खिशात घेऊन हिंडला. छोट्या साहेबांकडे द्यावा तर ते 'ठीक है' म्हणतील, आणि मग? ठीक म्हणजे मिळाले, की ठीक म्हणजे बघू, की ठीक म्हणजे तुमचं नाव लक्षात ठेवलंय? मोठ्या साहेबांकडे द्यावा तर त्या दिवशी सकाळीच वीजबिल आलेलं, आणि वरून नमो भारत रेल्वे ताशी १६० ने डोक्यावरून धावते आणि आमचा टेंपो मोहननगरच्या चौकात दोन तास उभा राहतो, यावर त्यांचं सकाळपासून व्याख्यान चालू होतं. गार्ड दिवसपाळीला असता तर ४८० टाकला असता.

अकाउंटंटने शाल काढली, गुंडाळून घेतली आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं. आम्ही सगळे टॅली बघत बसलो. आधी पोवळ्याचा आवाज आला. मग "मेरे पास टकसाल लगी है?" मग अकाउंटंटच्या अकलेचा, बुलंदशहर जिल्ह्याचा आणि ज्याने लग्न ही प्रथा काढली त्याचा उद्धार. मग एसीचा झोत वाढला. मग बराच वेळ काहीच नाही.

अकाउंटंट बाहेर आला. हातात अर्ज, अर्जावर सही, आणि दीडच्या जागी दोन केलेले. जागेवर बसून त्याने पाणी पिलं आणि पलीकडच्या बाईंना म्हणाला, "भाभीजी, व्हाउचर बना दो. जल्दी. पत्र यायच्या आत."